पेजेचं भांडं

आई, गेल्या महिन्यात कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" आणि मी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, त्यांना नेमकं काय व्हायचं? मी म्हटलं, काय व्हायचं ते कुणी विचारलंच नाही, सगळे नाटकं म्हणायचे. बाई लिहायच्या थांबल्या. माझ्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या, रिपोर्ट चांगले होते. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, पण आतडी फार हळवी आहेत, जरा धास्ती घेतली की पिळवटतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. आयबीएस म्हणतात याला. तुझ्या वेळी याला आपल्याकडे नाव नव्हतं. तुझं नाव मात्र झालं होतं.

मग त्यांनी उपाय सांगितले. जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. दूध बंद करून बघा, कच्चा कांदा नको, तिखट कमी. ईसबगोल थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर. जेवल्यावर शतपावली. पोटावर गरम पाण्याची पिशवी, आणि रोज पंधरा मिनिटं आडवं पडून पोटातून सावकाश श्वास. एका वहीत लिहा, काय खाल्लं, काय झालं, त्या दिवशी मनात काय होतं. हे सगळं तू करायचीस की गं! वही सोडून सगळं. दहाच्या ठोक्याला उकड्या तांदळाची पातळ पेज, नारळाचा रस न घातलेली कोकमाची फुटी कढी, कुळथाच्या पिठीला लांबूनच नमस्कार. फडक्यात गुंडाळलेली गरम वीट पोटावर ठेवून दुपारी पडवीत डोळे मिटून पडायचीस, आणि येणारीजाणारी म्हणायची, बघा, राणीसरकार झोपल्या. तुझं सगळंच बरोबर होतं असं नाही. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून उपाशी राहायचीस, त्याने उलट बिघडायचं. एरंडेलाने तर तू दोन दिवस उठली नव्हतीस. पण बाकीचं तू एकटीने, कुणी न शिकवता, स्वतःच्या पोटाला विचारून शोधलं होतंस.

आता मीही तशीच झाले आहे. कुडाळच्या ऑफिसला जाताना वाटेत कुठे कुठे बाथरूम आहे ते मला पाठ आहे. लग्नाला जाते ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसते. वहीतलं "मनात काय होतं" हे सदर मी बरेच दिवस कोरं ठेवलं. परवा त्यात एकच शब्द लिहिला, गावपळण.

मी दहा वर्षांची होते. काही वर्षांनी एकदा देवाच्या हुकमाने आपलं अख्खं गाव घरं सोडून, गुरं-कोंबड्या घेऊन शिवेबाहेर रानात झोपड्या घालून राहतं, तीन दिवस गावात पाऊल टाकायचं नाही, ते वर्ष. आम्हा पोरांची चंगळ. बाबा बोटीवर नोकरीला, म्हणून तू, मी, पलीकडच्या घरातली काकी आणि तिची पोरं एका झोपडीत. सकाळी झुडपाझुडपाआड माणसं. बाकीच्यांचं एकदा जाऊन भागायचं, तुला सात-आठदा जावं लागायचं, आणि दर वेळी कुणीतरी खाकरायचं. तिसऱ्या दिवशी उजाडताना तू मला उठवलंस. चेहरा पांढरा पडला होता. "तू हयच बस गो. मी घराक जावन येतंय. कोणाक सांगू नको हां." परत आलीस तेव्हा साडीचा काठ शिवेवरच्या व्हाळाच्या पाण्याने भिजला होता. काकीने तो पाहिला आणि चूल पेटवायला वळली.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला नाही. म्हणजे गावात परतायचं नाही, आणखी एक दिवस रानात. माणसं चिडली. मानकरी आम्हा पोरांजवळ येऊन गोड आवाजात म्हणाले, "देवान कौल देऊक नाय. कोणतरी गावात जावन इला. पोरांनू, खरा सांगा, देव रागवाचो नाय." आणि मी सांगितलं. "आई गेल्ली. काल सकाळी." का सांगितलं ते मला आजही सांगता येत नाही. देवाची भीती वाटली, आणि खरं सांगणाऱ्या मुलीचं कौतुक होईल असंही वाटलं.

तुला सगळ्यांसमोर देवापुढे माफीचा नारळ ठेवावा लागला. का गेलीस ते पुरुषांच्या घोळक्यात सांगावं लागलं. "माका परसाकडे लागलेली, म्हणान गेलंय. चूक झाली." पोरं फिदीफिदी हसली. मीही हसले, आई. तू बघितलंस की नाही, माहीत नाही.

सांगणारी काकीच, असं तू धरून चाललीस. ओला काठ तिनेच पाहिला होता ना. रानात तिने तुला ज्यातून पेज दिली होती, ते भांडं घरी परतल्यावर तू तिला रिकामं परत केलंस. भांडं कधी रिकामं देऊ नये, दोन मिरच्या तरी घालाव्यात, हे मला शिकवणारी तू. त्या दिवसापासून तुमच्या दोघींतलं बोलणं संपलं. दोन्ही घरांपुढचं एकच खळं, एकच विहीर, आणि तू जाईपर्यंत अबोला. शेवटच्या आजारात ती दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी तिथेच होते. तेव्हासुद्धा मी बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते.

परवा मी ऑफिसला गेले नाही, तर काकी भांडं झाकून घेऊन आली. पाठीत वाकली आहे आता. "तुझ्या आवशीक अशीच पातळ पेज लागायची," म्हणाली. मी दोन घोट घेतले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, तेव्हा मी सांगितलंय."

"माका म्हायती आसा. मी तुझ्या पाठसूनच उभी होतंय."

"मगे आईक कित्याक सांगूक नाय?"

तिने माझ्या हातातल्या भांड्याकडे बघितलं. "तू ल्हान होतंस गो. तिना तुझ्याशी बोलणा सोडल्यान असता, तर तुका दुसरा कोण होता? माका माझी पोरां होती." मग, पेज निवता, खा, म्हणाली आणि खळं ओलांडून गेली.

भांडं अजून माझ्याकडेच आहे. घासून फळीवर ठेवलं आहे, दोन दिवस झाले. त्यात काय घालून परत द्यायचं ते सुचत नाही. तुला विचारलं असतं. पण खरं सांगू? तू आज असतीस, तर मी तुला यातलं काहीच सांगितलं नसतं.