खणायला पहार

सलाला, ओमान, १४ मार्च १९९८

खुदेजा,

अस्सलामु अलैकुम. आधी हे वाच, मी धडधाकट आहे.

आमच्या अर्बाबशेठने जमिनीतलं सोनंनाणं शोधायचं मशीन आणलंय. खणायला काय घ्यायचं ते तूच बघ, म्हणाला. मी आपल्या विहिरी खणायच्या सवयीने जड पहार घेतली.

काल जुम्म्यानंतर डोंगरात मशीन वाजलं. मी पहार उचलली, तोच शेठच्या म्हाताऱ्या बापाने हात धरला. त्याने बोटांनी हळूहळू माती सारली. खाली बॉम्ब, खुदेजा! जुन्या लढाईतला, न फुटलेला!

आज पहार परत करून छोटं खुरपं आणलं. अम्माला यातलं काही सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

पहार उचलली तेव्हा मी तुझ्या बांगड्यांचं माप आठवत होतो.

तुझा
हुसेन