मेलेला पोस्टमन आणि तुझे भाऊजी

हुडकेश्वर, नागपूर

चि. नूपुर हिला ताईचे पोटभर आशीर्वाद.

तिकडच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त तुझे भाऊजी फुगून बसलेत. शेजारची मयुरा विलायतेला येते आहे, तिच्याजवळ सांडगे आणि हे पत्र देते. (फोनवरच लिहिलं असतं, पण माझा फोन हे वाचतात.)

तर तुमच्याकडच्या खुनांच्या मालिका आम्ही रोज जेवताना बघतो. त्यांत नॉर्मन पिकर्सगिल नावाचा एक नट आहे. नाव तुला ठाऊक नसेल, तोंड नक्की ओळखशील. कधी पोस्टमन, कधी पाद्री, कधी चहा आणणारा नोकर. दोन वाक्यं बोलतो आणि जातो, नाहीतर मरतो. आम्ही जुन्या-नव्या मालिका कशाही बघतो, त्यामुळे सोमवारी तो पिकलेला म्हातारा असतो आणि मंगळवारी तरणाबांड. अख्खा जन्म गेला, पण नायक काही झाला नाही. तरी चहाचा ट्रे असा आणतो, की खुनी कोण हे विसरून मी त्याच्याकडेच बघत राहते. ह्या माणसाला घरी बायको काय म्हणत असेल, ह्याचं मला फार कुतूहल आहे.

परवा तो पोस्टमन होता आणि कोणीतरी त्याला विष घातलं. तुझे भाऊजी ताटावरून उठले आणि चक्क सुतकाची आंघोळ करून आले! मटण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तो पाद्री होऊन आला, तेव्हा हे ओरडले, "जिवंत आहे वं हा! मटण गरम कर."

आता फुगण्याचं कारण. नाट्यस्पर्धेसाठी ह्यांच्या हौशी नाटक मंडळानं यंदा ह्यांना प्रेताचं काम दिलं. आजवर हवालदार केले, डॉक्टर केले, कधी कुरकुर नाही. पण "आता तं मले बोलूबी देऊन नाही राहिले" म्हणून ह्यांनी नाटकच सोडलं. संध्याकाळी तालमीच्या वेळेला चपला घालतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. मला ते बघवत नाही.

तुझी ताई,
चारुशीला

ता. क. : त्या पिकर्सगिलला गाठून ह्यांच्यासाठी धीराच्या दोन ओळी लिहून घे. नाही भेटला तर तूच लिही आणि सही ठोक. ह्यांना काय कळतंय!

पुन्हा ता. क. : सांडग्यांचा डबा बांधायला हेच बसले आणि पत्र वाचलं. मी चपापले. हे म्हणाले, "सही-बिही नको. त्याले एवढंच विचार म्हणाव तिले, मरून पडल्यावर नाकावर माशी बसली तं काय करते?" आणि चपला घालून सरळ तालमीला गेले. उत्तर फोनवरच कळव, प्रयोग जवळ आला आहे. ह्यांनी वाचलं तरी चालेल.