पुढची सीट

३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. वहिनीचा गुडघा कसा आहे? बाबांची तब्येत बरी आहे. वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात, पेपरातलं शब्दकोडं शाईच्या पेनानं सोडवतात आणि चुकलं तरी खोडत नाहीत.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बाबांचा विषय निघाला की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी येतं. कागदाला दारावरची बेल ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कंपनीनं गाड्या परत बोलावल्या आहेत. आपल्या गाडीचं मॉडेल, तिच्याच वर्षाच्या सगळ्या. टाकीतला इंधन पंप सदोष निघाला आहे, तो फुकट बदलून द्यायचा. मला तपासणी विभागातून उचलून मालकांना फोन करायला बसवलं आहे. साहेबांच्या मते माझा आवाज ऐकून लोक घाबरत नाहीत. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींच्या मते घाबरतात, म्हणून वाद घालत नाहीत. तरी घालणारे घालतातच. एक बाई म्हणाल्या, "गाडीतच पंप होता तर मी आजवर पेट्रोलच्या रांगेत कशाला उभी राहिले?" एका आजोबांनी विचारलं, "परत बोलावता म्हणजे? नीट नांदवली नाही का मी तिला?"

दोष काय ते सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. पंपात प्लॅस्टिकची एक चकती फिरते. ती पेट्रोल ढकलते. या गाड्यांमधली चकती पेट्रोलमध्ये राहून फुगते. पंप तापला की आणखी फुगते, झाकणाला घासते आणि अडकते. पेट्रोल पुढे जायचं थांबतं आणि चालती गाडी बंद पडते. पंप निवला की चकती सुटते आणि गाडी सुरू होते, जसं काही झालंच नव्हतं.

इथे तू वाचताना थांबला असशील. मीही थांबले होते. पण क्रमानं जाऊ.

आपल्या गाडीत हे जरा जास्तच होतं. पंपाला गार ठेवतं ते टाकीतलं पेट्रोल, आणि बाबा टाकी कधी भरत नाहीत. तुला माहीतच आहे. आयुष्यभर दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस. "नसतं वजन कशाला वाहायचं?" म्हणून जायला-यायला पुरेल तेवढंच घालतात. आई म्हणायची, हे लग्नाला जाताना आहेरही वजन करून नेतील.

गेल्या आठवड्यात बसस्टॉपसमोरच्या औषधांच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, तुमचे वडील रोज संध्याकाळी इथं गाडी बंद पडून बसतात. त्यांचा त्रास काही नाही हो, पण मागून बसवाले शिव्या घालतात. ऐकवत नाहीत." बाबा संध्याकाळी चक्कर मारतात हे मला माहीत होतं. कुठे, ते मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. मी पुढचं दार उघडत होते, तर बाबा म्हणाले, "पुढे नको. मागे बस." मला ते सोयीचंच होतं. पंप मागच्या सीटखाली असतो, त्याची गुणगुण तिथे ऐकू येते. वाटभर ऐकत गेले. स्टॉपजवळ गुणगुण जड झाली, मग तुटली. गाडी घरंगळत गेली आणि स्टॉपच्या खांबासमोर थांबली.

यात गूढ काही नाही. अंतर रोज तेच, पेट्रोल रोज जेमतेम तेवढंच, वेग बाबांचाच. पंप रोज तेवढाच तापणार आणि तिथेच अडकणार. फक्त एक गोष्ट जुळत नाही. त्या दिवशी वाटेत बाबा शिंप्याकडे चांगले रेंगाळले होते, तेवढ्यात पंप निवायला हवा होता. तरी गाडी त्याच खांबासमोर थांबली.

बंद पडल्यावर बाबा वैतागले नाहीत. हात लांब करून त्यांनी पलीकडचं दार उघडलं, जरा थांबले, आणि ओढून घेतलं. मी विचारलं, "हवेसाठी?" म्हणाले, "हं." किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच झटक्याला सुरू. इतक्या लवकर पंप निवत नाही. हेही नोंदवून ठेवते.

घरी आल्यावर मी पंप बदलायचा विषय काढला.

"गाडीला काही झालेलं नाही."

"बाबा, पंप खराब आहे. कंपनीच म्हणते आहे."

"असू दे. योग्य जागी खराब आहे."

वाद घालता येईना. पण स्टॉपवर जायला महामार्ग ओलांडावा लागतो, आणि तिथे ट्रक थांबत नाहीत. एखाद्या दिवशी ऊन जास्त असेल, पेट्रोल थोडं कमी असेल, आणि पंप अलीकडेच अडकेल. मला रोज संध्याकाळी कामात लक्ष देता येत नाही. बाबांचा दाराबाहेरचा हॉर्न ऐकला की येतं.

म्हणून तुला विनंती. एक फोन कर. "पंप बदला" एवढेच दोन शब्द बोल. वर्षभरानं तू बोललास तर ते पंपच काय, घर बदलतील.

आता राहिलेलं. गेल्या वर्षी त्या दिवशी आई मावशीकडून येऊन त्याच स्टॉपवर उतरली होती, बाबा न्यायला येणार म्हणून उन्हात उभी होती. बाबा पोचले तेव्हा माणसं जमली होती आणि उशीर झाला होता. गाडी पुलावर बंद पडली, मग आपोआप सुरू झाली, असं त्यांनी सांगितलं. त्यावर दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तू काय म्हणालास ते मी इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल. नंतर गाडी आमच्याच वर्कशॉपमध्ये तपासली, काही सापडलं नाही. या पंपात सापडत नाहीच. गार झाल्यावर तो निर्दोष असतो.

फोन कर.

तुझी,
मोजपट्टी


१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. "गाडी विकून टाक. सबब आता कंपनीनंच पुरवली, बरं झालं." बाबांना सांगितला नाही. कुणाचा फोन होता म्हणून विचारलं, तेव्हा राँग नंबर म्हटलं. तुझ्यावतीनं एवढं खोटं बोलले, त्याची जाणीव असू दे.

पंप बदलला. त्यांना मी तयार केलं. म्हटलं, "जुना काढला तर आत बघता येईल." ज्यानं हयातभर बिघडलेले काटे उघडले, तो माणूस या वाक्याला नाही म्हणू शकत नाही. पेन खिशाला लावून निघाले.

मिस्त्रींनी मागची सीट उचलून पंप बाहेर काढला, शिकंज्यात धरला आणि झाकण कापलं. चकती फुगलेली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ओरखडा होता, नखानं पुन्हा पुन्हा घासल्यासारखा. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ओरखड्यावरून बोट फिरवलं. काट्याच्या दांडीवरून फिरवायचे तसं.

मिस्त्री म्हणाले, "काका, म्हणजे त्या दिवशी गाडी खरंच बंद पडली असणार."

"असणार नाही," बाबा म्हणाले. "पडली होती."

एवढंच. आवाज चढला नाही. मिस्त्रींनी उगाच हात पुसायला घेतले, आणि मी सीट बसवायला लागले, जी बसवायचं काम माझं नव्हतं.

दादा, पत्र इथे संपवता आलं असतं. आधी तसंच ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. नवा पंप, आणि माझ्या हट्टानं काठोकाठ टाकी. बाबा म्हणाले, "हत्ती झालाय गाडीचा." मी इंधनाच्या नळीला दाब मोजायचा गेज लावला होता, तपासणीचं यंत्र जोडून मांडीवर घेतलं होतं. आता गाडी थांबणार नाही हे मला त्यांना दाखवायचं होतं. म्हटलं, एकदा न थांबता स्टॉपवरून पुढे गेलो की रोजच्या चकरा संपतील. पुढचं दार उघडायला हात घातला आणि काढून घेतला. मागे बसले. त्यांनी सांगितलं नव्हतं.

पूल गेला. महामार्ग ओलांडला. खालून नव्या पंपाची गुणगुण येत होती, बारीक, एकसुरी. गेजचा काटा जागचा हलत नव्हता. औषधांच्या दुकानाची पाटी दिसली. बाबांनी ब्रेक लावला नाही, मी त्यांच्या पायाकडे बघत होते.

इंजिन बंद झालं. गाडी घरंगळत खांबासमोर गेली आणि थांबली.

गेजमध्ये दाब पूर्ण होता. सीटखाली पंप गुणगुणत होता. इंजिन बंद झालं की त्यानं लगेच थांबायचं असतं. तो थांबला नाही. यंत्रात दोषाची एकही नोंद नव्हती. पेट्रोल पोचत होतं, ठिणगी मिळत होती, थांबायला काही कारण नव्हतं आणि गाडी थांबलेली होती.

बसस्टॉपवर कुणी नव्हतं. बाबांनी हात लांब करून पलीकडचं दार उघडलं. मागच्या पत्रात मी "जरा थांबले" असं लिहिलं होतं, ते ढोबळ होतं. नीट सांगते. एखादं माणूस आधी पिशवी आत ठेवतं, मग वाकून बसतं, मग पदर दारात अडकू नये म्हणून आत ओढून घेतं, त्याला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले. मग दार ओढलं. गाडी आमच्या बाजूला खाली दबली नाही. दबली ती त्या बाजूला, किंचित.

आणि पट्ट्याची घंटी वाजायला लागली. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती. सीटखाली वजनाचा सेन्सर असतो, त्याची तार सैल असली तरी ती वाजते. मी सीटखाली हात घातला. तार पक्की होती. सीटचं कापड गार होतं, एसी बंद असताना.

"खोटी वाजत असेल," मी म्हटलं.

"काटा आहे तो," बाबा म्हणाले. "पारडं रिकामं असताना काटा हलत नाही. तुला कुणी शिकवलं ते? मीच ना?"

मी यंत्रावर सीटची नोंद उघडली. ते किलो दाखवत नाही, फक्त वर्ग दाखवतं. रिकामी. मूल. लहान चणीचं मोठं माणूस. मोठं माणूस. तिथे तिसरा वर्ग होता. आपण आईला चिमणी म्हणून चिडवायचो, ती फळीवरचा डबा काढायला पाटावर उभी राहायची, ते सगळं मला त्या क्षणी आठवलं नाही. घरी आल्यावर आठवलं.

बाबा वाकले. त्यांनी पट्टा ओढून आडवा घेतला आणि खटका लावला. घंटी थांबली. मग ते समोर बघत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "झाला आज पण उशीर. पण बघितलंस ना? पोरीनं उघडून दाखवलं."

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा पाठीला चिकटून सपाट बसतो. हा बसला नव्हता. मध्ये अंतर होतं. माझ्या खिशात पट्टी होती, दादा, आणि मी ते अंतर मोजलं नाही.

बाबांनी किल्ली फिरवली. घरी आलो. वाटेत कुणी काही बोललं नाही, पण तिघंही गप्प आहेत असं मला वाटत राहिलं.

मी निष्कर्ष काढत नाही. जे पाहिलं ते क्रमानं लिहिलं. आता गाडी फक्त तिथेच थांबते, महामार्गावर थांबत नाही. रोज सोबत जाते म्हणून खात्रीनं सांगते. भीतीचं म्हणशील, तर पहिल्या दिवशी वाटली. आता संध्याकाळी हॉर्नची वाट बघत नाही, गाडीतच असते.

जुना पंप कंपनीला परत गेला, तसा नियम आहे. त्याआधी मी ओरखड्याचे फोटो काढले होते, अगदी जवळून, तुझ्यासाठी. पत्राबरोबर घालणार होते. घालत नाही. गाडी बंद पडली होती हे तुला त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बाबांनी सांगितलं होतं. तेवढ्यावर यायचं असेल तर ये.

येशील तेव्हा बसनं ये आणि त्याच स्टॉपवर उतर. आम्ही घ्यायला येतो. थोडा उशीर झाला तर खांबाजवळच उभा राहा, सावलीत. गाडी थांबली की बाबा आतून पुढचं दार उघडतील. ते तुझ्यासाठी नसेल. ते बंद होईपर्यंत थांब, मग मागे माझ्याशेजारी येऊन बस. बोलायचं ते तिथून बोल, दोघांनाही ऐकू जाईल.

वाट बघणारी,
मागच्या सीटवरची मोजपट्टी