कपारीतली नखी

३ मार्च
आज ताईकडे पोचलो. तिच्या हातचा चहा आणि तिच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची थट्टा, दोन्ही पूर्वीसारखीच कडक. दाजींनी कपाट उघडून सगळा संग्रह दाखवला. शिकारी डायनासोरांच्या नख्या, दगड झालेल्या, कापसावर निजवलेल्या. एकेक माझ्या वितीएवढी, विळ्यासारखी वाकडी. शाकाहाऱ्याची नखी बोथट, ही थेट पोटात शिरणारी, असं समजावून दाजी म्हणाले, या सगळ्या तुझ्या ताईच्या सवती. ताईने डोळे वटारले. उद्यापासून मी त्यांचा मदतनीस. मजा येणार.

९ मार्च
जुन्या खाणीत, कड्याच्या पायथ्याशी, काळं चकचकीत टोक दिसलं. मला! दाजींनी पाठ थोपटली, पण बजावलंही. वरचा दगड सैल आहे, टेकू लागेपर्यंत छिन्नीला हात लावायचा नाही.

१० मार्च
दाजी कपारीत वाकून टेकू बसवत होते. मला दम धरवेना. दोनच घाव घातले. नखी सुटली आणि कडा खाली आला.
धूळ बसली तेव्हा नखी माझ्या हातात. दाजी आत.
ताईने विचारलं, तर तोंडातून निघून गेलं की दाजी पलीकडच्या खाणीत गेलेत, दोनेक दिवस लागतील. नखी पाहून ती हरखली.

११ मार्च
पुन्हा गेलो. दगडाला कान लावला. आतून खरवडल्याचा आवाज. जिवंत आहेत! धावत खाणीवरच्या मुकादमाकडे गेलो. पण कालच का नाही बोललास, असं त्याने विचारलं असतं. पाणी मागितलं, प्यायलो, परत आलो.

१२ मार्च
आवाज आहे. पण वेगळा. बोटांचा नाही.

१३ मार्च
मुकादमाला ढिगाऱ्याजवळ दाजींची पिशवी सापडली. माणसं लावून सगळं उपसलं. दाजी नाहीत. आत पोकळी, तिथून खाली गेलेलं भुयार. दगडावर ओरखडे, तीन-तीन, बोटभर खोल. हे माणसाचं काम नाही, म्हणाला मुकादम. ताई माझ्याकडे बघत होती.

१४ मार्च
आवाज घरात. फरशीखाली. ताईलाही येतो. ती हसतेय. म्हणते, तेच आहेत, खोकल्यावरून ओळखलं.

१५ मार्च
ताई पहारीने फरशी उचकटतेय. मला हाका मारतेय. मी कोपऱ्यातच, वही धरून —
निघाली फरशी. आले म्हणतेय. हात धरलाय म्हणतेय. आता विचारतेय, यांची बाकीची बोटं कुठे —
ताई, सोड. तो हात सोड. कडा मी पाडला, मीच त्यांना —