वरळीमार्गे गिल्डफर्ड

ता. ३ मार्च १८९५, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता, स्वच्छ अक्षरात.
विणकाम खात्याचे पर्किन्स साहेब पुढच्या महिन्यात सहा महिन्यांच्या रजेवर इंग्लंडात जाणार. तेथे बाईसाहेबांसह पायगाडीवरून, म्हणजे बायसिकलवरून, खेडोपाडी हिंडण्याचा विचार आहे. त्यांच्याकडे रस्त्यांचे जाडजूड पुस्तक आहे. त्यातून चांगले रूट निवडून सुवाच्य नक्कल करण्याचे काम मला दिले. गिरणीच्या ऑफिसात माझ्याइतके स्पेलिंग कोणाचेच बरोबर नसते, असे म्हणाले. इंग्रजी पाचवीतून शाळा सुटली नसती तर आणखी बरोबर असते.

ता. १० मार्च
लंडन ते रिपली, सपाट. रिपली ते गिल्डफर्ड, सौम्य चढउतार. पुढे डुकराच्या पाठीसारखी लांब टेकडी, दोन्ही बाजूंना शेते आणि कुंपणे. मग हाइंडहेडचा घाट. उतारावर पाटी आहे की ही टेकडी धोक्याची. पुस्तकवाले म्हणतात, येथे उतरून चालावे. मी म्हणतो, ब्रेक हलका धरावा.
मी पायगाडीवर अद्याप बसलेलो नाही. पण बसणे हे पायांचे काम, रूट हे डोक्याचे.
नक्कल दोन प्रतींत केली. एक साहेबांना, एक मला.

ता. १७ मार्च
साहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, गुणाजी, तू बरोबर असलास तर आम्ही कधीच वाट चुकणार नाही.
बरोबर असलास तर. म्हणजे नेणार. यापेक्षा स्पष्ट इंग्रज माणूस बोलत नाही, असे ऐकून आहे.

ता. २४ मार्च
आईला सांगितले. ती रडली, मग चाळभर सांगून आली. रात्री विठोबाशेठ आले. परळास त्यांचे लुगड्यांचे दुकान, जातीचे पंच, आणि त्यांच्या कालिंदीशी माझे ठरलेले. आता मोडणार असे वाटले. पण ते म्हणाले, समुद्र ओलांडलास तरी परत आल्यावर प्रायश्चित्त घे, मिशा उतरव, जातीला जेवण घाल, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरू. पंच असून इतका उदार माणूस मी पाहिला नाही.
कालिंदीने तिच्या वहिनीकडून विचारले की त्या गाडीवर दोघांना बसता येते का. येते. पुस्तकात चित्र आहे. तसे कळवले.

ता. ३१ मार्च
साहेबांनी तिकिटाचा विषय अजून काढलेला नाही. फार भिडस्त गृहस्थ. शनिवारी बंदरावर ये, एवढे म्हणाले.
संकल्प : तोवर पायगाडी शिकणे. कोणाची मिळाल्यास.

ता. ५ एप्रिल
नोकरीचा राजीनामा दिला. चाळीने निरोप दिला. सगळ्या बायकांनी ओवाळले, उंबऱ्यात नारळ फोडला. आईने लाडूंचा डबा दिला. छत्री मुद्दाम घरीच ठेवली. साहेब आपली देतील. कालिंदी खालच्या अंगणात उभी होती. तिने मान वर केली नाही, पण गेलीही नाही.

ता. ६ एप्रिल, शनिवार, सायंकाळी
वरळीस आहे.

ता. ८ एप्रिल
झाले ते नीट नोंदवून ठेवणे बरे. साहेबांनी माझी ट्रंक पाहिली आणि विचारले, गावी निघालास वाटते. मी होय म्हटले. त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नाही. मग त्यांनी हात मिळवला. बाईसाहेबांना चढ सोसत नाहीत, म्हणून बहिणीकडे समुद्रकाठी एकाच जागी राहणार, म्हणाले. रूटचे कागद ऑफिसातच ठेवले आहेत. सुरक्षित. मग लाँच सुटली.
घरी परतणार होतो. पण लालबागेत चाळीजवळ आल्यावर लक्षात आले की नारळ फोडलेला आहे. आरती झालेली. अशा माणसाने दुसऱ्याच दिवशी जेवायच्या वेळेला घरी जायचे, आणि काय सांगायचे? म्हणून वरळीच्या कोळीवाड्यात हरेश्वरकडे आलो. हा माझा शाळेतला दोस्त. त्याने मागची खोली दिली. जाळी ठेवण्याची आहे.
बाईसाहेबांना कंटाळा आला की साहेब तार करतीलच. तोपर्यंत येथे.

ता. ११ एप्रिल
दिवसा बाहेर पडता येत नाही. लालबागची माणसे सुके बोंबील घ्यायला येथवर येतात. खोलीला एक खिडकी, तीही समुद्राकडे. म्हणजे एका अर्थी विलायतेकडेच.
वेळ वाया घालवायचा नाही असे ठरवले आहे. जाळ्यांच्या गुंडाळीवर बसून पाय फिरवतो. समोर कागद. आज लंडन ते रिपली केले. रस्ता खरोखर सपाट.
हरेश्वरची आई गुणवंतीमावशी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, काय रं बाबा, हवा दळतंस काय?

ता. १५ एप्रिल
गिल्डफर्ड. पिंढऱ्या दुखतात, यावरून चढ असल्याचे कळते. खोलीत वास फार. पुस्तकाप्रमाणे या दिवसांत तेथे कुंपणांना पांढरी फुले येतात. डोळे मिटून पाहिले. बोंबीलच आले.

ता. १९ एप्रिल
मावशीने कुळथाची पिठी आणली. थेट आईच्या हातची चव, लसूण अर्धवट ठेचलेला. मावशी रोज पाटी घेऊन लालबागेत मासे विकायला जाते, तेथल्या बायकांकडून शिकली असेल. कोळणी हुशार.

ता. २४ एप्रिल
ऊन खिडकीतून येते, म्हणून हरेश्वरने छत्री आणून दिली. दांड्यावर माझेच नाव, मीच कोरलेले. जुन्या बाजारात मिळाली म्हणतो. मुंबईत माझ्या नावाचा आणि माझ्यासारख्याच अक्षराचा दुसरा कोणी आहे. विलक्षण.

ता. २८ एप्रिल
हाइंडहेडचा घाट आज करणार होतो. गुंडाळी सुटली आणि जाळ्यात पाय अडकले. हरेश्वर येईपर्यंत तसाच होतो. त्याने पाय सोडवले. मग म्हणाला, गुण्या, घरी जा रे.
मी म्हटले, घाट अर्ध्यावर सोडून कसा जाऊ?

ता. ३ मे
वाईट बातमी. मावशी सांगत आली की विठोबाशेठकडे चिपळूणचे कोणी येऊन कालिंदीला पाहून गेले.
त्यांची अडचण समजते. मुलगा परमुलखात, कधी येईल भरवसा नाही. मी येथेच आहे हे कळते तर क्षणात थांबले असते.
पण ते सांगायचे तर मी येथे आहे हे सांगावे लागेल.

ता. ६ मे
उद्या जाणार. निश्चित.

ता. ७ मे
गेलो नाही. धोतराला माशाचा वास. विलायतेहून आलेल्या माणसाच्या धोतराला असा वास कसा येईल? आणि विलायतेहून आलो नाही म्हणायचे तर वास कशाचा, हे सांगावे लागेल. दोन्हीकडून अडचण.

ता. ८ मे
धोतर धुवून आणले मावशीने. निळीत बुडवून, आई करते तशी घडी. आता काही हरकत नाही. मात्र आज घाई करण्यासारखे काही नाही. चिपळूणची माणसे नुसती पाहून गेली आहेत. माणसे पाहतातच.

ता. ११ मे
हरेश्वर चिडला आहे. म्हणाला, तुला कोणी कोंडलंय काय? कडी आतून आहे. मी म्हटले, तुला माझी परिस्थिती कळत नाही. तो म्हणाला, कळते, म्हणूनच महिनाभर जाळी बाहेर उन्हात ठेवलीत.
उद्या पहाटे निघतो. पाय फिरवणे बंद. कागद ट्रंकेत.

ता. १२ मे, रविवार
गेलो. वरळी ते परळ, पायी. मध्ये टेकडी नाही. किती जवळ आहे याची मला कल्पना नव्हती.
दुकान बंद होते, म्हणून माडीवर गेलो. दाराला आंब्याची पाने बांधीत होते. विठोबाशेठ स्टुलावर उभे. त्यांना सरळ सांगितले की मी विलायतेला गेलोच नाही, समुद्र ओलांडलेला नाही, जात शाबूत आहे, प्रायश्चित्ताचीसुद्धा गरज नाही.
ते स्टुलावरून खाली उतरले नाहीत. म्हणाले, ठाऊक आहे. गुणवंती कोळीण दुसऱ्याच दिवशी सांगून गेली, तुझ्या आईला आणि आम्हालाही. सगळ्या चाळीला ठाऊक आहे. तुझी आईच म्हणाली, कोणी काही बोलू नका, पोर लाजेल, आपला आपण येईल.
मी म्हटले, मग निरोप का नाही धाडला?
म्हणाले, मी धाडणार होतो. कालिंदीच नको म्हणाली. येतील म्हणाली, वरळी काय लांब आहे. महिनाभर रोज तेच म्हणत होती. गेल्या आठवड्यात म्हणायची थांबली, मग मी चिपळूणकरांना होकार दिला.
मी म्हटले, आता प्रायश्चित्त घेतो, काय असेल ते.
ते म्हणाले, विलायतेला गेला असतास तर देता आले असते, बाबा. त्याला शास्त्र आहे. वरळीला जाऊन बसलेल्याला कोणते देऊ?
आत बांगड्या वाजल्या. मग वाजायच्या थांबल्या.
घरी आलो. आईने विचारले, जेवलास का.

ता. १९ मे
गिरणीत माझ्या जागी दुसरा घेतला आहे. त्याचे स्पेलिंग फार वाईट. मला तूर्त सूतखात्यात पोती मोजायला ठेवले.

ता. २२ मे
कालिंदीचे लग्न. जातीतल्या सगळ्या तरुणांना पंगतीत वाढायला बोलावले, मलाही. न जावे तर लोक काय म्हणतील, म्हणून गेलो. माझ्याकडे वरण होते.
वराकडच्या एका म्हाताऱ्याने पानावरून मान वर करून विचारले, तुम्हीच काय ते विलायतेला गेलेले? शेजारी विठोबाशेठ उभे होते. समोरच्या ओळीत कालिंदी नवऱ्याला घास देत होती, आणि ती थांबली, असे मला वाटले.
मी म्हटले, नाही. वरळीला.
म्हातारा म्हणाला, हां, आणि पान पुढे केले. मी वरण वाढले आणि पुढच्या पानाकडे गेलो.