मागे आडवे पडता येईल अशी गाडी

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज सुट्टी. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते, एमआयडीसीची जुनी पद्धत. सकाळी कपडे धुतले. भात लावला, जरा लागला. दुपारी झोपलो. उठल्यावर ठरवले, गाडी घ्यायची.

कारणे लिहून ठेवतो, नंतर घोळ नको. वलवणहून तळेगावला रोजचे जाणे-येणे, साठ किलोमीटरच्या आसपास. कंपनीची बस फाट्यावर येते हे खरे, फुकट असते हेही खरे, पण तिच्यात गाणी लावतात. लांबच्या रोजच्या पल्ल्याला डिझेलच परवडते. नवी नको, वापरलेली बास. सात सीटची हवी, कारण फॅमिली आहे.

फॅमिली म्हणजे मुलगी अम्मारा, जावई याह्या, दोन नातवंडे. ते साताऱ्याला असतात. बायको, नूर, मार्चमध्ये गेली. त्यामुळे घरात सध्या मी एकटा आहे. पण गाडी घेताना पुढचा विचार करायचा असतो.

नूर गेली तेव्हा सगळ्यांना फोन अम्मारानेच केले. कंपनीतही तिनेच कळवले. मला कोणाला सांगावे लागले नाही, ते एक बरे झाले.

निर्णय पूर्ण व्यवहारी आहे. नूरचा त्यात संबंध नाही. ती दोन वर्षे मागे लागली होती, हे वेगळे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

शेजारच्या भिमाजीला सांगितले. त्याची टुरिस्टची जीप आहे. शनिवार-रविवार पाहुण्यांना भाजे लेणी, टायगर पॉइंट दाखवतो. इतर दिवशी जीप जवळजवळ आमचीच होती. दोन वर्षे सोमवारी आणि गुरुवारी नूरला डायलिसिसला चिंचवडला तिच्यातूनच नेले. सोमवारी चालवायला भिमाजी, गुरुवारी मी. त्यामुळे माझा हात साफ आहे.

भिमाजी म्हणाला, "वाहिदभाऊ, आता कशाला गाडी? तवा घ्यायची तर..." आणि खिशातून काडी काढली. दात कोरले. मग म्हणाला, "रोजचं रनिंग हाय का पर? डिझेल हाय ती. दारात बांदून ठेवायची म्हस न्हाई."

म्हटले, रोज साठ.

"मग घ्या. पर मला दाखवल्याबिगर बयाना देऊ नका."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

तळेगावला आकाश नावाच्या डीलरकडे गेलो. बरोबर जीपमध्ये चढायला लागायचे ते निळे प्लॅस्टिकचे स्टूल नेले. गाडीची पायरी किती उंच आहे ते टेपने कळते, पण पायाला काय वाटते ते टेपने कळत नाही.  भिमाजीनेच ते उचलून जीपच्या मागच्या सीटखाली सरकवले. तिथे ते बरोबर बसते.

आकाशने पांढरी गाडी दाखवली. वर छपरात काच. म्हणाला, "एकहाती आहे काका. डॉक्टरची गाडी." त्याच्या पलीकडची लालही डॉक्टरचीच. तिच्या पलीकडची डॉक्टरच्या मिसेसची. भिमाजीने विचारले, "तळेगावात इतकं डाक्टर हायेत, तर मानसं आजारी पडत्यात कशी?"

पांढरी नापास. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, मध्ये फट. आकाश म्हणाला, कॅप्टन सीट आहेत, हल्ली लोक याच मागतात. मी म्हटले, मागे आडवे पडता येत नाही. त्याने विचारले, "आडवं कोणाला पडायचंय काका? चालवणार तर तुम्हीच ना?"

लांबच्या प्रवासात कोणालाही पडावेसे वाटू शकते. या पोरांना फॅमिलीची गाडी म्हणजे काय ते कळत नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. डीलर बंद. भिमाजीच्या बायकोने, कस्तुराबाईंनी, दरवर्षीप्रमाणे मला ओवाळले. फराळाचे दोन डबे दिले. घरी येऊन उघडले तर दुसऱ्या डब्यातला चिवडा बिनमिठाचा. दोन वर्षे वेगळा करायची सवय, चुकून झाला असणार.

तोही खाल्ला. तसा वाईट नसतो.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

गाडी मिळाली. राखाडी, पाच वर्षांची. हीदेखील डॉक्टरची, पण कागद बघितले, खरोखरच डॉक्टरची निघाली. भिमाजीला मोठा धक्का बसला.

मधली सीट सलग. पायरी बेताची. स्टूल लावून तीनदा चढलो, उतरलो. डावा पाय आधी टाकून एकदा, उजवा टाकून एकदा, आणि एकदा दाराला धरून. मागचा एसी वेगळा बंद होतो. याने डिझेल वाचते. शिवाय मागे बसणाऱ्याला थंडी वाजत नाही.

मग भिमाजीला चालवायला लावले आणि मी मागे आडवा झालो. आकाश पुढून वळून बघत होता. "काका, बरं वाटत नाहीये का?" म्हटले, बरे वाटते, शॉकॲब्सॉर्बर बघतोय. पण भिमाजी प्रत्येक गतिरोधकावर गाडी अशी अलगद नेत होता की काही कळेना. म्हटले, अरे टेस्ट आहे, जरा जोरात घे.

म्हणाला, "न्हाई जमत भाऊ. मागं कुनी निजलं की पाय आपसूक ब्रेकावर जातोय."

बयाना दिला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गाडी दारात आली. भिमाजीने नारळ फोडला, मी सगळ्यांना चिक्की वाटली. कस्तुराबाईंनी हळद-कुंकू लावले. बोनेटला पुरेसे होते, पण त्यांनी मागच्या डाव्या दारालाही लावले. स्टूल डिकीत ठेवले. असू द्यावे.

संकल्प. एक, उद्यापासून रोज गाडीने कामावर. दोन, कंपनीतल्या लोणावळ्याच्या संदेशला आणि आणखी दोघांना बरोबर घेणे, गप्पा होतील. तीन, दर रविवारी फॅमिलीला घेऊन बाहेर. चार, बस कायमची बंद.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बसने गेलो. पहिल्याच दिवशी कंपनीच्या पार्किंगमध्ये नवी गाडी नको. फोर्कलिफ्टवाले कसेही फिरतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

बसने. धुके होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बसने. धुके नव्हते, पण पडेल असे वाटले. संदेशला गाडीचे विचारले. म्हणाला, "काका, बसमध्ये मी तळेगावपर्यंत घोरतो. तुमच्या गाडीत तुमच्या शेजारी बसून घोरणं बरं दिसेल का?" पोरगा संस्कारी आहे. पण त्यामुळे संकल्प क्रमांक दोन अडला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज गाडीने गेलो. शेजारच्या सीटवर बॅग ठेवली. त्यात डबा, पाण्याची मोठी बाटली. गाडीला वाटले माणूस बसला आहे आणि बेल्टसाठी पिंपिं सुरू झाले. कामशेतपर्यंत सहन केले. शेवटी बाजूला घेऊन बॅगला बेल्ट लावला. मग शांत झाले. फारच शांत झाले.

येताना गाडी चालवत होतो, दुसरे काही केले नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बसमध्ये गाणी लावतात ती तशी वाईट नसतात. ड्रायव्हर जुनी लावतो. शिवाय कंपनी बससाठी पैसे भरते, ते फुकट घालवणे योग्य नाही. गाडी संध्याकाळी वापरायची, असे ठरवले. बसमधून उतरायचे, गाडी काढायची, बाजार, मग कब्रस्तान, मग घर. म्हणजे गाडी रोज वापरात राहते. रोज वापरणे महत्त्वाचे.

कब्रस्तान घरापासून जवळच आहे, चालतही जाता येते. पण गाडी तिथे नेली पाहिजे असे वाटते.

रविवार, २३ नोव्हेंबर

फॅमिलीचा दिवस. एक गोष्ट माझ्या लक्षातून निसटली होती की मला सुट्टी गुरुवारी असते आणि बाकीच्या जगाला रविवारी. तेव्हा रजा टाकली. गाडी धुतली. सातही सीट पुसल्या.

अम्मारा, याह्या, मुले साताऱ्याहून आली. त्यांच्या गाडीतून आली. हा विचार मी केला नव्हता. भाज्याला जायचे ठरले. धाकटा माझ्या गाडीत चढला आणि वासाने त्याला मळमळले. मी चामड्यासाठी पॉलिश मारले होते. थोरलीचे कार्टून त्यांच्या गाडीतल्या स्क्रीनवर अर्धे राहिले होते. अम्मारा म्हणाली, "मी बसते अब्बा तुमच्याबरोबर." मग धाकटा रडायला लागला, तिला जावे लागले.

त्यामुळे भाज्याला दोन गाड्या गेल्या. पुढे ते चौघे, मागे मी. रस्ता चांगला होता.

लेण्यांच्या पायथ्याशी अम्मारा माझ्या गाडीजवळ आली. मागचे दार उघडून सीटवर हात फिरवला. म्हणाली, "अब्बा, मागचा एसी वेगळा बंद होतो का?" म्हटले, होतो. ती म्हणाली, "हं." मग मुलांना शोधायला गेली, मुले समोरच होती.

सोमवार, ८ डिसेंबर

संध्याकाळी कब्रस्तानाच्या फाटकाशी गाडीत पिवळा दिवा लागला. बंद करून चालू केली. लागलेलाच. याचा अर्थ डॉक्टरने काहीतरी लपवले.

मंगळवार, ९ डिसेंबर

अरबाजच्या गॅरेजला दाखवली. त्याने तार जोडून बघितले. विचारले, "चाचा, रोज किती चालवता?" मी म्हटले, रोज चालवतो. "किती?" मी सांगितले. बाजार, कब्रस्तान, घर.

तो हसला नाही. म्हणाला, "चाचा, या गाडीत धुराचा फिल्टर असतो. जवळच्या जवळ फिरवली की इंजिन गरमच होत नाही, काजळी आत साठत जाते. हिला हायवेला काढा. एका स्पीडने, पाऊण तास तरी, मध्ये थांबायचं नाही. आतल्या आत जळून जाते. मी इथे खोलून काही होणार नाही."

भिमाजी तिथेच होता. "म्यां काय म्हनलो हुतो? म्हस न्हाई ती!" मग म्हणाला, "मी येतो संगती गुरुवारी. कुटं जायचं?"

म्हटले, कुठे नाही, फिल्टरसाठी जायचे आहे. त्याला त्याच्या धंद्याचे बघ म्हटले.

गुरुवार, ११ डिसेंबर

सुट्टी. सकाळी डबा भरला. भाकरी, वांग्याची भाजी. डबा खाली ठेवला, सीटवर नाही.

योजना अशी होती. जुन्या हायवेने सोमाटणे फाट्यापर्यंत, तिथून वळून परत. अरबाज म्हणाला तसे, न थांबता. कामशेत गेले, वडगाव गेले. सोमाटण्याला दिवा अजून होता, म्हणून पुढे गेलो. देहूरोडच्या पुढे दिवा विझला. खरे तर काम झाले होते. पण वळायला नीट जागा दिसेना. आकुर्डीलाही दिसेना. मग रस्ता ओळखीचा होता म्हणून चालवत राहिलो आणि चिंचवडला हॉस्पिटलच्या फाटकातून आत गेलो. वॉचमनने सलाम केला.

पोर्चमध्ये गाडी थांबली तशा सरूबाई व्हीलचेअर घेऊन धावतच आल्या. त्या तिथे मावशी आहेत, नूरला गाडीतून उतरवून वर न्यायच्या. "अगं बाई, दादा! किती महिन्यांनी! मला वाटलं, दुसरीकडं न्यायला लागलात. घेतली का गाडी? भाभी सारख्या सांगायच्या, आमचे हे गाडी बघतायत म्हणून." बोलता बोलता खुर्चीचा ब्रेक लावला आणि मागचे डावे दार उघडले.

सीटकडे बघितले. माझ्याकडे बघितले.

मी म्हटले, आज नाही आणले.

"खाडा करू नका हो," म्हणाल्या. "माणूस लगेच सुजतं. सोमवारी तरी आणा."

मी हो म्हटले. दार लावून घेतले. गाडी बाहेर काढली, फाटकापाशी थांबलो. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाजूला घेतली. थोडा वेळ बसलो. मग चालत आत गेलो.

सरूबाई खुर्ची भिंतीशी लावत होत्या. मी म्हटले, सरूबाई, नूर गेली. मार्चमध्ये. घरीच, पहाटे. सोमवारी आणता येणार नाही.

एवढे बोलायला फार वेळ लागत नाही. मला वाटले होते त्यापेक्षा कमी लागला.

 सरूबाई त्याच व्हीलचेअरमध्ये बसल्या. पदर तोंडाला लावला. नंतर म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही. मी दर गुरुवारी फाटकाकडं बघायची."

मी म्हटले, मीच सांगायला हवे होते.

"गाडी छान आहे दादा. पायरी बुटकी आहे. भाभींना सोपी गेली असती."

म्हटले, हो. तेच बघून घेतली.

परत येताना दिवा लागला नाही. कामशेत सोडल्यावर एका झाडाखाली गाडी घेतली. भूक लागली होती. आत बसून खावे तर सीटवर तेल सांडते. डिकी उघडून निळे स्टूल काढले, सावलीत मांडले, त्यावर बसलो. भाकरी गार झाली होती. सगळी खाल्ली. बाटलीतल्या पाण्याने डबा विसळला, स्टूलही पुसून घेतले.