म्हात्रे, खण नंबर सतरा

३ नोव्हेंबर
आज इतिहास घडला. गोपीनाथशेठ म्हात्रे, म्हणजे कल्पिताचे बाबा, यांनी मला काम दिलं! तिच्या थोरल्या बहिणीची, श्रियाची, हळद बावीस तारखेला ठाकुर्लीत. मांडवात देव बसतात, म्हणून चपला बाहेर. मागे कुणाच्यातरी हळदीत शेठच्या कोऱ्या कोल्हापुरी गेल्या, त्याचं दुःख अजून ताजं आहे. मी म्हटलं, चपलांचं मी कॉम्प्युटरवर बसवतो. शेठ म्हणाले, बसव. आमच्या लग्नाचा होकार यावरच अवलंबून आहे. तसं ते बोलले नाहीत, पण नजर कळते.

४ नोव्हेंबर
प्रोग्रॅम अर्थातच पास्कल भाषेत. कोलशेतच्या आमच्या ऑफिसात गोडाऊनचा जुना पास्कल प्रोग्रॅम मी एकटा सांभाळतो. बाकीचे हसतात. हसोत.
डिझाइन: जेनेरिक डिक्शनरी. जेनेरिक म्हणजे कपाट एकदाच बनवायचं, आत चपला, छत्र्या, हेल्मेटं काय ठेवायचं ते नंतर ठरवायचं. हॅश म्हणजे किल्लीवरून, म्हणजे नोंदीच्या ओळखीच्या नावावरून, थेट खणाचा नंबर. शोधाशोध बंद. लिहिताना अंगावर काटा आला.
शेजारच्या टेबलावरची नीरजा (पायथनवाली) म्हणाली, किल्ली म्हणून मोबाइल नंबर घे. हळदीला आलेला माणूस दारात आकडे सांगत बसणार? काहीही. मी आडनाव घेणार. सुटसुटीत.

८ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे उठून कोड. आज उठलो नाही, पण जाग आलेली.

१२ नोव्हेंबर
घरी टेस्ट. आईची सँडल टाकली. किल्ली: दामले. झकास! मग बाबांचे बूट. किल्ली: दामले. एरर. म्हणे ही किल्ली आधीच आहे.
आई म्हणाली, अनिमेष, अरे घरात आपण तिघंही दामलेच. म्हटलं, एकाच घरात टेस्ट केली की असे अपवाद येणारच. हळदीला गावभरचे पाहुणे असतात.
तरी एरर दिसायला वाईट. म्हणून 'अ‍ॅड' काढून 'अ‍ॅड ऑर सेट' घातलं. किल्ली आधीच असेल तर हे फंक्शन तक्रार करत नाही, जुनी नोंद काढून गुपचूप नवी ठेवतं. फार मनमिळाऊ. एरर गेली. पुन्हा टेस्ट करायची गरज वाटली नाही.

१८ नोव्हेंबर
सुताराकडून चौसष्ट खणांची मांडणी आली. लाख खोटी आडनावं टाकून स्पीड पाहिला. चुटकीसरशी! नीरजाला दाखवलं. तिने विचारलं, पण ठाकुर्लीत शेठच्या भावकीत आडनावं किती? मग एकटीच बराच वेळ हसली. लोक जळतात.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
नवा कुर्ता. लॅपटॉप, एक्स्टेंशन बोर्ड सज्ज. पहिल्या पाहुण्यांना नाव विचारलं. म्हात्रे. स्क्रीनवर: खण सतरा. काय तो क्षण!
दुसरे पाहुणे: म्हात्रे. खण सतरा. गंमत आहे.
तिसरे, चौथे, पाचवे: सतरा.
सहावे पाटील! खण चाळीस! मी उठून हात मिळवला. ते दचकले.

६.५०
सतरा भरला. बाकी मांडणी रिकामी, पण शिस्त म्हणजे शिस्त. सतरासमोर जमिनीवर ढीग करतोय. याला शास्त्रात चेनिंग म्हणतात. मान्यताप्राप्त पद्धत आहे.

७.३०
ढीग माझ्या कमरेपर्यंत. स्क्रीनवर एकूण नोंदी: चार. मांडवात हजारेक माणसं असतील. एवढा डेटा चार ओळींत बसवला, पास्कलची कमाल! आत लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण रमाबाईंनी धवळ्यात माझं नाव आणि चपला गुंफल्या. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. सन्मानच म्हणायचा.

२३ नोव्हेंबर
सविस्तर लिहीत नाही. शेठ बाहेर आले. मी म्हटलं, आडनाव सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच टाइप केलं. स्क्रीनवर: सोनेरी, उंच टाचेची, लेडीज. मी अदबीने काढून त्यांच्या पायापाशी ठेवली.
पुढे सगळ्यांनी ढिगात हात घातले. ज्याला जे बसलं ते घालून गेला. आज श्रियाच्या लग्नात शेठ केटररच्या निळ्या रबरी स्लिपरमध्ये उभे होते. कल्पिता माझ्याशी बोलली नाही.

२५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. दोष पास्कलचा नाही, हॅशचाही नाही. आडनावांचा आहे. यापुढे लोकांनी आडनावं ठेवताना विचार करायला हवा. कल्पिता फोन उचलत नाही. तिची फार आठवण येते.

२८ नोव्हेंबर
फोन आला. होकार!!! मी गॅलरीत उड्या मारल्या. खालच्यांनी वर पाहिलं.
मग कल्पिताने अट सांगितली. शेठ म्हणाले, पोऱ्या सादा हाय, पन याला एकला सोरू नका, हरवंल. लग्नानंतर मी त्यांच्या घरी राहायचं. घरजावई.
मी ताठ आवाजात म्हटलं, हे माझ्या आईला अजिबात पटणार नाही. एकुलता एक मुलगा आहे मी.
कल्पिता म्हणाली, बाबांनी काल तुझ्या आईला फोन केलेला. ती म्हणाली, केव्हा नेताय?